पोटखराबा

माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत फळ्यावरचा सुविचार मी लिहायचे, कॉलेजात मैत्रिणींची जर्नलं उतरवून द्यायचे, आणि लग्न होऊन दिंडोरी तालुक्यातल्या ह्या गावात आल्यावर सासऱ्यांचे अर्ज आणि लग्नपत्रिकांवरची नावं आपसूक माझ्याकडे आली. "सूनबाईचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं," असं सासरे चारचौघांत सांगायचे आणि मी फुगायचे. ह्याच अक्षरात मी एकदा एक शब्द लिहिला. त्याची मला अजून शिसारी येते, आणि ती दुसऱ्या कुणाला येत नाही ह्याचा संताप येतो.

आमच्या भागातला द्राक्षबागाईतदार स्वतःला काय समजतो ते विचारू नका. दारात दोन ट्रॅक्टर, शेडमध्ये फवारणीचा ब्लोअर, पांढरे कपडे, मनगटावर जाड कडं, आणि बोलणं असं की युरोपातली जनता ह्याच्या घडांवाचून उपाशी बसली आहे. चौकात चहाला जमले की एकमेकांना विचारणार, "तुमचा कंटेनर लागला का?" पोरीचं लग्न ठरलं का, म्हातारीचं ऑपरेशन झालं का, हे नंतर. आमच्या घरी हे दोघे भाऊ, म्हणजे माझे मालक आणि माझे धाकटे दीर, त्याच माळेतले. मी माझ्याच घरच्यांबद्दल बोलते आहे, दुसऱ्याच्या दारात डोकावायची मला गरज नाही.

परदेशी माल पाठवायचा तर बागेपेक्षा कागदच जास्त राखावे लागतात. कोणत्या दिवशी कोणतं औषध मारलं, किती मारलं, कोणी मारलं, त्यानंतर किती दिवसांनी घड तोडला, सगळं वहीत. भाऊजींचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नाही, म्हणून वही माझ्याकडे आली. मग एका वर्षी निर्यातीचं सर्टिफिकेट देणाऱ्यांचा नवा फॉर्म आला. त्यात शेताचा नकाशा काढायचा होता. विहीर कुठे, शेड कुठे, मजुरांचा संडास कुठे, औषधांची खोली कुठे, फवारणीची टाकी धुण्याचा खड्डा कुठे, आणि आजूबाजूला मनुष्यवस्ती कुठे.

मी पट्टी-पेन्सिल घेऊन ओट्यावर बसले. सगळं काढलं. शेवटी खालच्या कोपऱ्याशी आले आणि ह्यांना विचारलं, "खालची वस्ती दाखवायची ना?"

"कोणती वस्ती?"

"अहो, खालची. ओहोळाकाठची."

हे हसले. "ती काय वस्ती हाय का? झोपड्या त्या. सातबाऱ्यावर काय लिहिलंय तिथं? पोटखराबा. तेच लिही."

पोटखराबा म्हणजे शेतातला तो तुकडा, जिथे काही पिकत नाही. खडक, नाला, उतार. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर त्याचा वेगळा रकाना असतो. आमच्या पोटखराब्यावर चौदा घरं होती. कुडाची, पत्र्याची, दोन पक्क्या विटांची. आजेसासऱ्यांनी पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरातून माणसं आणली होती, भुईमूग आणि उसाच्या काळात, आणि हाताशी मजूर असावेत म्हणून त्यांना तिथे बसवलं होतं. त्यांची तिसरी पिढी तिथेच जन्मली. त्यांच्या चुलींचा धूर मला रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचा. आणि मी, फळ्यावर सुविचार लिहिणारी, त्या कोपऱ्यात वळणदार अक्षरात लिहिलं: पोटखराबा. खोटं नव्हतंच ते, सरकारी शब्द होता. वर मी त्याच्या खाली दुहेरी रेघसुद्धा मारली.

टाकी धुण्याचा खड्डा त्याच कोपऱ्यात खणला गेला. वर विहीर होती, आमची. पूर्वेच्या बांधाला जागा होती, पण तिथे खणायचं तर वेलींच्या चार ओळी जाणार होत्या. खाली काय, पोटखराबाच. नियमाप्रमाणे खड्ड्यात खडी, वाळू आणि कोळशाचे थर घालायचे असतात, म्हणजे पाणी गाळून मुरतं. आमच्या खड्ड्यात फक्त वरचा थर घातला, फोटोत दिसतो तेवढा. बाकी पाणी भरलं की उतारानं ओहोळाकडे जायचं. ओहोळात, ज्या जागी ते पोचायचं तिथून वीसेक पावलांवर, खालच्या लोकांचा झिरा होता. वाळूत उकरलेला हातभर खड्डा. त्यात पाणी झिरपत राहतं आणि बाया वाटीवाटीनं हंडा भरतात. त्या चौदा घरांना पिण्याचं पाणी तेवढंच.

त्यातल्या एका घरातली बाई माझ्यासोबतची. म्हणजे मी नवी नवरी म्हणून वरच्या घरात आले, त्याच उन्हाळ्यात ती डोंगरातून खालच्या वस्तीत नवरी म्हणून आली. मला ती वैनी म्हणते. तिच्यासारखा विरळणीचा हात आमच्या पंचक्रोशीत नाही. घडातले नको ते मणी ती असे टिपते की उरलेले आपोआप एकसारखे फुगतात, आणि युरोपातली बाई ती पेटी उघडून म्हणत असेल, काय सुंदर! आमच्या बागेचं जे नाव आहे ते तिच्या बोटांमुळे. नाव मात्र भाऊजींचं होतं, चौकातल्या फ्लेक्सवर, गॉगलसकट.

एवढं असूनही तिचा कप आमच्याकडे वेगळा होता. मोरीच्या वरच्या फळीवर, उपडा, बाकीच्या मजुरांच्या कपांसोबत. कुणी ठेवायला सांगितलं होतं? कुणीच नाही. सासूबाई ठेवायच्या, म्हणून मी ठेवला. बी. कॉम. झालेल्या बाईची अक्कल ही अशी.

ऑक्टोबरची छाटणी झाली की काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकदम फुटावेत म्हणून पेस्ट लावतात. हातानं, फडक्यानं, एकेका डोळ्याला. त्या औषधाच्या डब्यावर इंग्रजीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हातमोजे घाला, अंगाला लागू देऊ नका, त्या दिवशी दारू पिऊ नका. हातमोजे आमच्याकडे होते. एका लोखंडी ट्रंकेत होते. मास्क, चष्मे, ॲप्रन, मोजे, सगळं नवंकोरं, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. सर्टिफिकेटवाल्यांचा ऑडिटचा साहेब यायचा असला की ट्रंक उघडायची, सगळ्यांना नटवायचं, ओळीत उभं करून फोटो काढायचा, साहेबाची गाडी वळली की सगळं परत घडी घालून आत. भाऊजी स्वतः मोजून घ्यायचे. एका म्हाताऱ्यानं एकदा मोजे हातातच ठेवले तर केवढा दम दिला त्याला, "घरी न्यायला काढलेत का?" बाकीचे दिवस उघडा हात आणि फडकं. बोटांची साल निघायची, लाल व्हायची. मी विचारलं की घरात एकच उत्तर, "त्यांना सवय असती. काटक माणसं ती, आपल्यासारखी नाय."

हे काटक प्रकरण माझ्या फार डोक्यात जातं. नाशिकच्या लग्नांत, गंगापूर रोडवरच्या हॉलात, सूटबूट घातलेल्या, पोरं अमेरिकेत असलेल्या माणसांच्या तोंडूनही मी ते ऐकलं आहे. "आदिवासी ना, त्यांची इम्युनिटी वेगळीच असते हो." डोंबलाची इम्युनिटी! म्हणजे विष त्यांच्या अंगात शिरताना जात विचारतं आणि मागे फिरतं. त्यांचं कातडं वेगळं, त्यांचं पोट वेगळं, त्यांची पोरं वेगळी, असं ठरवून टाकलं की आपल्याला जेवण गोड लागतं. मोठे शिकलेले लोक, आणि अक्कल ही एवढी.

खड्डा झाल्यावर पहिल्याच वर्षी त्या माझ्यासोबतच्या बाईनं मला सांगितलं, झिऱ्याच्या पाण्याला वास येतोय, वर फेस धरतोय. मी म्हणाले, बघते. बघितलं नाही. तिची शेळी मेली. मी म्हणाले, अरेरे. थंडीत तिच्या नातीच्या अंगावर फोड उठले. चार वर्षांची पोर, मानेपासून पोटापर्यंत, खाजवून खाजवून रक्त. मग उलट्या. तिनं नाशिकला सरकारी दवाखान्यात नेलं, एसटीनं, पोर पदरात गुंडाळून. आमची चारचाकी दारात उभी होती. तेव्हा भाऊजींना सॅम्पल द्यायला जायचं होतं.

सॅम्पल म्हणजे काय ते सांगते. माल तोडायच्या आधी घडांचा नमुना लॅबला जातो. कणभर तरी औषध राहिलेलं आहे का, ते तिथे मशीनवर बघतात. राहिलेलं असलं तर माल नापास. तिकडच्या पोरांच्या पोटात जायचं असतं ना! रिपोर्ट येईपर्यंत भाऊजींना झोप नाही, अन्न नाही, वणीच्या गडावरच्या देवीला नवस. आणि वीस पावलांवरच्या झिऱ्यातलं पाणी कुठल्या मशीनवर गेलं? कुणी बाटलीत भरलं तरी का? तिकडच्या पोराच्या पोटातला कण आम्हाला दिसत होता, आणि इकडच्या पोरीच्या अंगावरचे फोड दिसत नव्हते.

दवाखान्यातून आल्यावर ती माझ्याकडे आली. ओट्याच्या खालीच उभी राहिली. म्हणाली, "वैनी, डॉक्टर म्हनला पानी बदला. आमी कुटलं बदलनार? तुमी तेवढा खड्डा बदला. दादांना सांगा. दुसरं काय मागत नाय."

त्या दिवशी दुपारी जेवताना मी बोलले.

"तो खड्डा पूर्वेच्या बांधाला घ्या."

"का बरं?" ह्यांनी भाकरी मोडत विचारलं.

"खालच्या पोरीला काय झालंय माहितीय ना?"

"पोरांना फोड येतातच. आंघोळी घालत नाय ते लोक."

"कुठल्या पाण्यानं घालायची आंघोळ? तुमच्या टाकीच्या?"

भाऊजी मध्ये पडले. "वैनी, तिथं चार ओळी जातील. चार ओळी! ऐन भरातल्या वेली. तुम्ही काय बोलता तुम्हाला कळतंय का?"

"एक पोर जाईल त्याचं काय?"

"तुम्ही लयच मनाला लावून घेता राव. त्यांना सवय असती."

मी ताटावरून उठले. उठले, म्हणजे काय फार मोठं केलं? संध्याकाळी त्याच ताटांत त्यांनाच वाढलं. वही लिहिली. टाकी कुठे धुतली ह्या रकान्यात "नियोजित ठिकाणी" असं लिहिलं, रोजच्यासारखं. रागावलेली बाई आणि मुकाट बाई ह्यांच्यात आमच्याकडे फारसा फरक नसतो. भांडी जरा जास्त वाजतात, एवढंच.

मग चैत्र आला. गडाच्या यात्रेला जाणारी पायी माणसं आमच्या रस्त्यानं वणीकडे जातात. पुण्य कमवायची ही संधी बागाईतदार सोडतात होय? भाऊजींनी दरवर्षीसारखी पाणपोई घातली. मांडव, स्पीकर, थंड पाण्याचे जार, लिंबाचं सरबत, आणि मांडवाच्या तोंडाशी परत तोच गॉगलवाला फ्लेक्स, भाविकांचे सहर्ष स्वागत. मी सरबत ढवळायला बसले होते. उन्हं चढली आणि ती आली. डोक्यावर हंडा, कडेवर ती नात, अंगाला हळद फासलेली.

तिनं माझ्याकडेच बघून म्हटलं, "वैनी, एवढा हंडा भरू का? पोरीपुरता."

मी जारकडे हात नेला. भाऊजी मागून आले. "ए, हे भाविकांसाठी हाय. इथं हंडे नाय भरायचे. लाईन बघ किती हाय."

लाईन कसली! तीन पोरं होती, सेल्फी काढत. नातीनं जारला हात लावला होता, तो तिनं हळूच सोडवला आणि चालू लागली. आणि मी? माझा हात जारच्या तोटीवर होता तसाच राहिला. भाऊजींनी मला डोळ्यानं खुणावलं, एका म्हाताऱ्या यात्रेकरू बाईला सरबत द्या म्हणून. मी दिलं. ती म्हातारी म्हणाली, देव तुमचं भलं करो. तो आशीर्वाद मी घेतला कसा, तेच मला कळत नाही.

त्या दिवसानंतर मात्र मला राहवेना. उन्हाळाभर मी आमच्या विहिरीवरून दोन हंडे खाली तिच्या घरी पोचवत राहिले, ट्रॅक्टरवरच्या माणसाला गळ घालून, चोरूनमारून. पोरीचे फोड सुकले. म्हणजे पाण्याचाच दोष, हे मला पटलं होतं. पण दोन हंड्यांनी एका घराचं भागतं, तेरा घरं तेच पाणी पीत होती. खड्डा हलायला हवा होता. आणि तो हलवायचं एकच हत्यार माझ्याकडे होतं.

पुढच्या हंगामात ऑडिटच्या आधी मी नकाशा नव्यानं काढला. ह्या वेळी पट्टी लावून चौदाच्या चौदा घरं काढली. झिरा काढला. उताराची दिशा बाणानं दाखवली. खड्ड्यापासून झिऱ्यापर्यंतचं अंतर मी स्वतः पावलं टाकून मोजलं आणि लिहिलं. पोटखराबा ह्या शब्दाच्या जागी लिहिलं, मनुष्यवस्ती. घरात कुणाला दाखवलं नाही. फाईल मीच लावते, उघडून बघतो कोण? ह्यांना फक्त सर्टिफिकेट दिसतं.

साहेब आला. तरणाबांड माणूस, पायांत स्वच्छ बूट, हातात टॅब. ट्रंक उघडली होती, माणसं नटून उभी होती. ती पण होती ओळीत, चष्मा कपाळावर सरकलेला, भाऊजींनी येऊन खाली ओढला. साहेबानं फोटो काढले, काजू खाल्ले, फाईल उघडली. पानं उलटता उलटता थांबला. मागच्या वर्षीचा नकाशा आणि ह्या वर्षीचा नकाशा शेजारी शेजारी धरले.

"हे काय आहे? इथे घरं आहेत?"

ह्यांचा चेहरा एकदम उतरला. भाऊजी म्हणाले, "छे हो साहेब, मजुरांच्या झोपड्या, तात्पुरत्या..."

"पन्नासेक वर्षांच्या आहेत," मी म्हणाले. "तिसरी पिढी राहते. ते पाणी पितात त्या जागेपासून आपला खड्डा एवढा जवळ आहे. मी मोजलंय."

साहेब तसा सज्जन होता. आरडाओरडा नाही, काही नाही. टॅबवर टिपून घेतलं आणि म्हणाला, "हे चालणार नाही. खड्डा आणि वस्ती इतकी जवळ असेल तर मला सर्टिफिकेट अडवावं लागेल. तीन आठवडे देतो. दुरुस्त करून फोटो पाठवा."

तो गेला. हे फाईल उचलून आत गेले. भाऊजींनी मात्र ट्रंकेचं झाकण असं आपटलं की कोंबड्या उडाल्या. मला काय त्याचं? मी सरळ खाली गेले, चपलासुद्धा धड न घालता. ती भाकरी थापत होती. मी चुलीपाशी बसले, पहिल्यांदाच तिच्या घरात बसले, आणि सांगितलं, "हलतोय खड्डा. तीन आठवड्यांत. साहेबानं लिहून घेतलंय." ती हसली. नातीला म्हणाली, "पाया पड वैनींच्या." ते पोर खरंच वाकलं. मी तिला जवळ घेतलं आणि मला वाटलं, चला, आयुष्यात एक काम धड झालं. कप्पाळ माझं! माणसानं स्वतःवर खूश व्हावं ते असं.

दहा-बारा दिवस काहीच हललं नाही. मी रोज पूर्वेच्या बांधाकडे बघायचे. दोघे भाऊ सकाळी उठून सरपंचाकडे जायचे, तलाठ्याकडे जायचे. मला वाटलं, लाजेकाजेनं दुसरी जागा बघत असतील. मग एका सकाळी जेसीबी आला. मी चहा टाकत होते. आवाज ऐकून खिडकीपाशी गेले, म्हटलं चला, खणायला लागले. जेसीबी पूर्वेकडे वळला नाही. सरळ खाली उतरला.

मी धावत गेले. चौदा घरांचं सामान आधीच ट्रॉल्यांत भरलं होतं, आमच्याच. आदल्या दिवशी मी माहेरी नाशिकला गेले होते, तेवढ्यात बैठक झाली होती. गावाच्या पलीकडे जुनी दगडाची खाण आहे, गावाचा कचरा टाकतात ती. तिच्या काठाला जागा दिली होती. पत्रे आम्ही देणार, टँकर ग्रामपंचायत देणार. सगळं कसं रीतसर, सगळ्यांचे अंगठे घेतलेले. आमच्या जागेवर बसलेली माणसं, आम्ही म्हटलं ऊठ, तर काय करतील? अंगठा देतील.

मी ह्यांचा हात धरला. "अहो, खड्डा हलवायचा होता. माणसं नाही."

हे माझ्याकडे शांतपणे बघत राहिले. रागानं नाही. जिंकलेला माणूस रागावत नाही. म्हणाले, "तुझंच म्हणणं होतं ना, खड्ड्याजवळ लोक नकोत? आता नाय जवळ. चार ओळी पन वाचल्या."

पत्रे उतरत होते. कुडाच्या भिंतींना जेसीबी फारसा लागतही नाही, नुसता पुढे आला की पडतात. झिऱ्यावर माती पडली. फोटो त्याच संध्याकाळी गेले. आठवड्यात सर्टिफिकेट आलं. साहेबानं मला मुद्दाम मेसेज केला, मॅडम, तुमच्या प्रामाणिकपणामुळे हे शक्य झालं. भाऊजींनी नवा नकाशा माझ्याकडून मागून घेतला, खोडरबरानं घरं पुसली आणि स्वतःच्या त्या घाणेरड्या अक्षरात लिहिलं, पोटखराबा. आता त्या जागेवर कंटेनरची गाडी वळते.

गावात ह्याचं केवढं कौतुक! भाऊंनी गरिबांना जागा दिली, पत्रे दिले. ग्रामसभेत शाल-नारळ देऊन सत्कार केला. शाळेतल्या सरांनी भाषण केलं, पर्यावरणावर, आमच्या दिरांना मंचावर बसवून. मी पहिल्या रांगेत बसले होते. टाळ्या वाजल्या तेव्हा माझ्या शेजारची बाई म्हणाली, "तुम्ही नाय वाजवत?" मी म्हणाले, हात दुखतात. तेवढीच माझी क्रांती.

खाणीकडे जायला मला दोन महिने लागले. तोंड नव्हतं. शेवटी एक दिवस गेले. वारा आला की कचऱ्याचा धूर सरळ घरांत शिरतो, कारण कचरा पेटवतात, तो सारखा धुमसत असतो. टँकर आठवड्यात एकदा येतो, आला तर. ती दारात बसून शेंगा फोडत होती. आमच्या बागेतून तिला काढलेलं नव्हतं, तसा हात कोण सोडतो? पहाटे उठून चालत येते, तीन मैल, विरळणीला. नात आत झोपली होती, खोकत होती. फोड नव्हते. आता खोकला होता.

मी म्हणाले, "माझ्या हातून चुकलं गं. मला वाटलं..."

तिनं मला पुढे बोलू दिलं नाही. रागावलीही नाही, तेच मला सहन होईना. तिच्या आवाजात मला जी शिसारी ऐकू आली ती मी दिरांसाठी, साहेबासाठी, त्या लग्नातल्या सूटवाल्यांसाठी राखून ठेवली होती, ती माझ्याच वाट्याला आली. शेंगांवरची नजर वर न करता ती म्हणाली, "वैनी, एक सांगू? कागदावर नव्हतो तवर घर तरी होतं. आता परत आमाला कुटं लिहू नका."

मी बरं म्हणाले. घरी आले आणि हे लिहायला बसले. तिचं नाव घातलं नाही, एवढंच.